बिडाचे फ्लायव्हील कातण्याविषयी
इंजिनाने चटकन वेग घ्यावा म्हणून मूळ बिडाचे (ओतीव लोखंडाचे) फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाचे जड चाक, लेथवर कातून ४ किलो हलके करावे, अशी सूचना केली जाते; ती मला धोक्याची वाटते. वाढवलेल्या आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) कातलेले बीड फुटले, तर बेलहाउसिंग (चाक व क्लचवरचे आवरण) फोडून तुकडे थेट पायांशी येतात. त्याऐवजी ईएन-८ (मध्यम कार्बनच्या) पोलादाच्या ठोकळ्यातून नवे घडवावे. फिरत्या चाकाचे जडत्व (वेग बदलायला होणारा विरोध) त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वजन कडेजवळून काढावे. मध्यातून काढलेल्या किलोचा फारसा उपयोग नाही. रिंग गिअर (स्टार्टर ज्याला फिरवतो ते दात्यांचे कडे) तापवून बसवल्यावर क्लचच्या प्रेशर प्लेटसह बॅलन्सिंग करून घ्यावे (कुर्ल्याला करून घेतलेल्या माझ्या चाकाच्या कडेवरची दोन उथळ छिद्रे त्याचीच खूण). मात्र चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात ज्वलनाचा धक्का क्रँकच्या दर १८० अंशांनी बसतो आणि मधल्या वेळात चाकाचे जडत्वच इंजिन फिरते ठेवते, त्यामुळे चाक फार हलके केल्यास आयडलिंगला गाडी थरथरते आणि मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलाच्या चढावर, रांगेत क्लच सोडताना, इंजिन बंद पडते.