मदत हवी आहे: नागपूरची पोरं गार्डा तलावावर शर्यतीला जाणार, सराव कुठे करून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांनी एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, चालवणारी चार पोरं आहेत, ११ ते १३ वयाची. येत्या ईस्टरला इटलीत रीव्हा देल गार्डाला होणाऱ्या 'लेक गार्डा मीटिंग' या होड्यांच्या स्पर्धेत त्यांना उतरवायचं आम्ही पालकांनी ठरवलंय. नागपुरातून या खेळासाठी परदेशी गेलेलं कोणी माझ्या ओळखीत नाही, म्हणून इथे विचारतेय.

खरी काळजी वाऱ्याची आहे. आपल्या अंबाझरी-फुटाळा तलावांवर वारा आला तर आला, आणि आला तरी घडीघडी दिशा बदलतो. पोरं त्यात तयार झालीत. गार्डाला मात्र दुपारी दक्षिणेकडून 'ओरा' नावाचा वारा सुटतो आणि तलाव जिथे डोंगरांमध्ये चिंचोळा होतो तिथे चांगलाच जोर धरतो. रीव्हा नेमकं त्याच टोकाला आहे. माझी लेक जेमतेम ३८ किलोची, होडीचा नुसता सांगाडाच ३५ किलोचा. जोराचा झोत आला की ती पट्ट्यात पाय अडकवून पार पाण्यावर झुकते. एका हातात शिडाची दोरी, दुसऱ्यात सुकाणू. होडीत पाणी भरत जातं आणि तेलाचा कॅन कापून केलेलं बेलर (पाणी उपसायचं भांडं) पायाशी तसंच तरंगत राहतं. त्यात गर्दी! २०१२ साली तिथे १०५५ होड्या उतरल्या होत्या, गिनीजमध्ये नोंद आहे. गट पाडून शर्यती होतात हे खरं, पण आमच्या पोरांनी एका रेषेवरून सुटताना डझनभर होड्याही पाहिलेल्या नाहीत.

मग सरावाला न्यावं कुठे? भोपाळ जवळ पडतं. २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडला रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर तिथल्याच राष्ट्रीय सेलिंग स्कूलची. हैदराबादच्या हुसेनसागरावर मुलांच्या मोठ्या स्पर्धा होतात, त्यामुळे माझा कल तिकडे आहे. काही जण थेट मुंबईला समुद्रावर न्या म्हणतात, पण गार्डा गोड्या पाण्याचा तलाव, तिथे भरती-ओहोटीही नाही. मला ते पटत नाही.

दुसरं, थंडी. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार आणि तिथे डोंगरमाथ्यावर बर्फ. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) किती जाडीचा लागतो? होड्या तिथेच भाड्याने घेणार आहोत, पण शिडं आपली न्यावीत का?

व्हिसाचंही सांगा. अल्पवयीन मुलांसाठी आईवडील दोघांची संमती लागते, आणि एका मुलाचे बाबा नोकरीनिमित्त दुबईत आहेत. त्यांनी तिथल्या वकिलातीतून कागद करून पाठवावा, की साधी नोटरी चालते? शिवाय वार्षिक परीक्षा त्याच सुमारास येते. खेळाडू म्हणून शाळेने नंतर परीक्षा घेतल्याचा कोणाला अनुभव असेल तर अर्ज कसा केला तेही लिहा.

बाकीचं सवडीने सांगितलंत तरी चालेल, पण भोपाळ की हैदराबाद एवढं लवकर कळवा. दिवाळीच्या सुट्टीतली रेल्वेची तिकिटं त्यावर अडलीत.