92,000 किमी झालेली 2009 ची स्प्लेंडर कॉलेजच्या पोराला द्यायचीय, 8,000 रुपयांत आधी काय करावं?

औसाकर विचारतात:
नमस्कार मंडळी. घरात 2009 ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे, 92,000 किमी झालेली. मुलाला 18 पूर्ण झाली, लर्निंग काढलंय. औशाजवळच्या आमच्या गावाहून लातूरला रोज जाऊन-येऊन 45 किमी होतील, त्यातली दोन-तीन किमी काळ्या रानातली कच्ची वाट.
सकाळी पहिल्या किकला निळा धूर येतो, मिनिटभरात थांबतो. पुढचा ब्रेक पूर्ण ओढला तरी गाडी लवकर थांबत नाही. 50 च्या वर हँडल थरथरतं. चेन एका जागी घट्ट, एका जागी सैल लागते. मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करा (म्हणजे इंजिनाचा वरचा अर्धा भाग उघडून दुरुस्त करा), 6,000 लागतील. एकूण बजेट 8,000. धाकटी 16 ची आहे, तिलाही हीच गाडी शिकायचीय. काय करू?

काळीमाती:
औसाकर भाऊ, 8,000 मधले 6,000 इंजिनात घालू नका. गाडी जोरात पळायला नको, थांबायला हवी. नवशिक्या पोराच्या हातात देताना आधी ब्रेक, टायर, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं त्या गोळ्या-वाट्या) आणि लाइट.

पुढचा ब्रेक: पुढच्या ब्रेक प्लेटवर आर्मजवळ बाण आहे. ब्रेक पूर्ण दाबून बघा. बाण प्लेटवरच्या त्रिकोणी खुणेला टेकला म्हणजे शू (चाकातल्या ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकपट्ट्या) संपले. टेकत नसूनही ब्रेक लागत नसेल तर चाक काढा. शू चकाकत असतील तर इकडची बारीक धूळ त्यांच्यावर घासून काच झालीय. ड्रमची भूकटी फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ड्रम आतून 130 मिमीचा असतो, 131 झाला की नवे शू टाकूनही उपयोग नाही. कॅमची (शू फाकवणारी) पिन काढून गंज घासा, अगदी थोडं ग्रीस लावा. ग्रीस जास्त झालं तर गरम होऊन शूवर उतरतं. पावसाळ्यात ही पिन धरली की ब्रेक सुटत नाही आणि ड्रम तापतो. पुढची केबल बदलाच, जुन्या केबलचे धागे लिव्हरच्या टोकाशी आतून तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

हँडल: गाडी मेन स्टँडवर लावा, मागं कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला. हँडल हळूहळू डावी-उजवीकडं फिरवा. मधोमध सरळ रेषेत 'खाच' लागल्यासारखं अडलं तर कोनसेट गेला. खड्ड्यांचे दणके बसून गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेले असतात. वरची नट आवळून हे बरं होत नाही, उलट गाडी हळू वेगात डुलायला लागते. कोनसेट बदला. त्याच वेळी मागचं चाक धरून आडवं हलवा, खटखट आली तर स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा बेअरिंग. थरथर चाक वाकडं असल्यानंही येते, तेव्हा चाक फिरवून रिम बघून घ्या.

टायर: दोन्ही 2.75-18. बाजूला चार आकडी खूण असते, 3218 म्हणजे 2018 सालचा 32 वा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही बाजूला भेगा असतील तर टायर नाकारा, आपल्याकडच्या 42 अंशात रबर लवकर मरतं. हवा एकट्यासाठी पुढं 25, मागं 28 पीएसआय.

चेन एका जागी घट्ट असेल तर ती असमान ताणलीय. चेन आणि तिची दोन्ही गिअर (दातेरी चक्रं) एकत्रच बदला, जुन्या दातांवर नवी चेन काही महिन्यांत खराब होते.

अंदाजे हिशेब: शूच्या दोन जोड्या 500, केबल 150, कोनसेट मजुरीसह 700, टायर-ट्यूब 3,300, चेनसेट 1,200, ऑइल आणि प्लग 500. साडेसहा हजारांच्या आत बसतं. उरलेल्यात आयएसआयचं हेल्मेट घ्या, ते वगळून दुसरं काही घेऊ नका.

पाना_दहा_चौदा:
कोनसेटचं बरोबर. धुराचं सांगतो. फक्त चालू करताना धूर म्हणजे वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांडीवरचं रबर) गेलंय. रात्रभरात सीलमधून ऑइल खाली झिरपतं, सकाळी जळून जातं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर चढावर थ्रॉटल ओढताना धूर सतत दिसला असता. त्यामुळं हाफ इंजिनची घाई नाही. सीलसाठी हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरावं लागतं, ते पुढच्या खेपेला केलं तरी चालेल. तोवर पोराला दर रविवारी ऑइल बघायची सवय लावा: मेन स्टँडवर दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, ऑइलची काडी पुसून न आवळता नुसती टेकवा आणि बघा. आटे आवळून बघितलं की ऑइल खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, इथंच इंजिनं बसतात.

बदलताना 900 मिली, 10डब्ल्यू-30. ऑइल काढायचा खालचा 17 चा बोल्ट लांब पान्यानं जोर लावून आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे निघतात. या इंजिनात वेगळा बदलायचा (काडतूस) फिल्टर नाही. क्लच कव्हरच्या आत फिरणारा रोटर ऑइलमधला कचरा बाजूला टाकतो. 92,000 ला तो उघडून स्वच्छ केला नसेल तर आत काळा घट्ट थर असेल. नवं ऑइल टाकण्याआधी तो थर काढून घ्या.

टॅपेट (वॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली फट) थंड इंजिनवर, दोन्ही 0.05 मिमी. बारीक टिकटिक चालेल, घट्ट टॅपेट नको. घट्ट असला की वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर कडक होतं आणि चिरा पडतात. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरच्या वाटीचं पॅकिंग आत्ताच नवं टाका. टाकीचं झाकण पावसात पाणी घेत असेल तर त्याचं रबरही बदला, पाणी शिरलं की इथेनॉल त्याच्यासोबत तळाशी बसतं आणि गाडी बंद पडते.

औसाकर:
मोठी मदत झाली. हेडलाइट फार मंद आहे, पोरगं एलईडी टाका म्हणतंय. टाकू का?

काळीमाती:
नका. जुन्या मॉडेलचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या भागावर) चालतो, त्यावर बाजारातला एलईडी लुकलुकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. 35/35 वॅटचा चांगला बल्ब टाका, पिवळा पडलेला रिफ्लेक्टर बदला, अर्थिंगची वायर घासून आवळा. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या बिनलाइटच्या उभ्या असतात, त्या या उजेडात लांबून दिसायला हव्यात.
कच्च्या वाटेवर पाऊस पडला की काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसून पुढचं चाक जाम करते. मडगार्ड काढायला लावू नका. डिकीत एक चपटी लाकडी काडी ठेवा. चाक जड वाटलं की उतरायचं, माती काढायची, मगच पुढं.

आरसी_पहा:
कागदांचं थोडक्यात. 2009 ची नोंदणी 15 वर्षांनी संपलीय. नूतनीकरण 5 वर्षांचं मिळतं, त्याला गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर लागतो. लांबवाल तितकं विलंब शुल्क वाढतं. नवी सुरक्षा नंबर प्लेट, पीयूसी, थर्ड पार्टी विमा हेही बघा. लर्निंगवर असताना 'एल' लावायचा, मागं मित्र बसवायचा नाही.
धाकटीला ही गाडी देता येत नाही. 16 व्या वर्षी फक्त बिनगिअरची, 50 सीसीपर्यंतचीच गाडी चालते, 110 ची स्कूटीही नाही. अल्पवयीन चालवताना पकडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही 12 महिने रद्द होते. तिला तोवर टॅपेटचा गेज धरायला शिकवा.

औसाकर:
उद्या पुढचं चाक काढतो. ड्रम मोजून इथं आकडा टाकतो.