सलग 'आऽऽ' म्हणायला लावा

आईचा आवाज थरथरतो, पार्किन्सन्स असेल का, असं वर विचारलंय. लगेच तिथे उडी नको. माझ्या मावशीला सगळे 'घाबरतेस कशाला' म्हणायचे! कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला सलग 'आऽऽ' म्हणायला लावलं, तर सूर सेकंदाला ५-६ वेळा हेलकावत होता, अगदी ठेक्यात. नाकातून बारीक दुर्बीण घातली तेव्हा स्वरयंत्रच हलताना दिसलं; म्हणजे ती भीती नव्हती, आवाजाच्या कंपाचा आजार होता. पार्किन्सन्समध्ये आवाज बहुधा हळू, एकसुरी होतो. स्वरतंतूंना आचके येत असतील तर शब्द मध्येच तुटतात. आईंच्या हातातला कप बशीवर वाजतो का? थायरॉइड तपासलंय? दम्याची औषधं चालू असतील तर तेही सांगा, त्यानंही कंप वाढतो. न्यूरॉलॉजिस्टना दाखवाच.