बॅकएंड तयार नाही, नेटचा भरवसा नाही, लॅपटॉपवरच खोटा एपीआय कसा उभा करायचा?

खानापूरचा_पोऱ्या:
दूध संकलनाचं ॲप करायलोय, फ्लटरमध्ये (मोबाईल ॲप बनवायचं टूल, भाषा डार्ट). बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरची बाजू करणारा, म्हणतोय अजून पंधरा दिवस, आणि इकडं पाऊस लागला की नेट जातंय ते संध्याकाळपर्यंत येत नाही. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर एवढंच दाखवायचंय. आत्ता सगळा डेटा कोडातच कोंबलाय पण मग लोडिंग, एरर काहीच तपासता येईना. कमांडनं खोटा एपीआय, म्हणजे ॲपला डेटा देणारा नकली सर्व्हर, चालवता येतो म्हणे, कुणी केलंय काय?

टिळकवाडीची_ताई:
होय की, जेसन-सर्व्हर वापर. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) लागतंय, नेट आहे तोवर त्याच्याबरोबर येणाऱ्या एनपीएमनं एकदा टाकून ठेव, मग नेट नसलं तरी चालतंय. डीबी.जेसन फाईल करून त्यात चार म्हशी चार गाई भर, टर्मिनलात जेसन-सर्व्हर डीबी.जेसन मारलं की 3000 पोर्टवर गेट (मागणं), पोस्ट (भरणं), डिलीट (पुसणं) सगळं सुरू. पोस्ट केलेलं खरंच फाईलीत जातंय हं, कॉपी बाजूला ठेव, मी एकदा डिलीट तपासता तपासता सगळी यादी उडवून बसले होते. व्हर्जन 0.17 घे, त्यात डिले ऑप्शन आहे, 2000 दिलं की उत्तर दोन सेकंद उशिरा, अगदी आपल्याकडच्या नेटसारखं. नव्या बीटा व्हर्जनात तो काढलाय.

खानापूरचा_पोऱ्या:
ब्राउझरात आलं ताई! पण अँड्रॉइड इम्युलेटरात (लॅपटॉपवरचा नकली फोन) कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणतंय.

निपाणीकर:
इम्युलेटरात लोकलहोस्ट म्हणजे तो इम्युलेटरच रे भावा, तुझा लॅपटॉप नव्हे. 10.0.2.2:3000 टाक. केबलनं फोन जोडला असशील तर टर्मिनलात एडीबी रिव्हर्स टीसीपी:3000 टीसीपी:3000 मार, मग लोकलहोस्टच चालतंय. आणि बॅकएंडवाल्याकडनं ओपनएपीआयची फाईल (एपीआय काय घेणार, काय देणार ते लिहिलेली) आधी मागून घे, देत नसंल तर भांड. ती प्रिझम नावाच्या टूलला दिली की 4010 पोर्टवर तिच्यावरनंच उत्तरं देतंय, फाईलीत 500 (सर्व्हर एररचा कोड) लिहिलेला असला तर विनंतीच्या प्रेफर हेडरात कोड=500 पाठवून एरर पण मागवता येतोय.

खानापूरचा_पोऱ्या:
आता नवीनच. म्हशीचं फॅट 6.4 भरलं की बरोबर, 6.0 भरलं की स्क्रीन लालभडक.

टिळकवाडीची_ताई:
6.0 चं जेसन-सर्व्हर 6 करून पाठवतोय, डार्टला ते इंट (पूर्णांक) वाटतंय आणि तू सरळ डबल (दशांश) म्हणून घ्यायलास. नम (दोन्ही चालणारा आकडा) म्हणून घे, मग टूडबल लाव. सकाळी सहाला डेअरीत रांग असताना हे झालं असतं तर शेतकऱ्यांनी शिव्या घातल्या असत्या. आणि दोन-चार नावं कन्नडमधनं पण भर, बैलहोंगलकडची यादी तशीच येणार.

खानापूरचा_पोऱ्या:
फॅटचं झालं. कन्नड नावं भरली तर एका ओळीत मावेनात, उद्या बघतो, लाईट गेली.