मदत हवी: वडिलांना शुगर आहे, रोज दोन-तीन डाएट कोल्ड्रिंक पितात. चालेल का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. परभणी जिल्ह्यातून लिहितोय. वडील ५८ वर्षांचे, वजन ६२ किलो, आठ वर्षांपासून टाइप २ मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर वोग्लिबोज, शिवाय बीपीची गोळी. मागचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.९, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.१.

आधी चौकात बसले की साधं कोल्ड्रिंक प्यायचे. डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं, तेव्हापासून डाएटचे ३०० मिलीचे दोन कॅन रोज. ऊन वाढलं तसे कधी तीन. चहा सहा कप, प्रत्येक कपात शुगर फ्रीच्या दोन गोळ्या. काका म्हणायलेत कॅन्सर होतो, आजच बंद करा. मेडिकलवाले म्हणायलेत शुगर वाढत नाही, बिनघोर पिऊ द्या.

खरं काय धरायचं? शुगर वाढते का, किडनीवर ताण येतो का, कॅन्सरचं काय? पुतण्या ९ वर्षांचा आहे, तोही त्यांच्या कॅनमधून पितो. अजून एक: शेतात दुपारचं जेवण लांबलं की वडिलांना दरदरून घाम येतो, हात थरथरतात. तेव्हाही तेच कॅन उघडतात, म्हणतात बरं वाटतं.

औषधांचा_डबा

दादा, तुमची शेवटची ओळ आधी घेतो, कारण बाकी प्रश्नांना महिनाभर वेळ आहे, याला नाही.

घाम, थरथर, जेवण लांबलेलं, आणि पोटात ग्लिमेपिराइड. हे शुगर खाली गेल्याचं लक्षण असू शकतं. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, जेवलात की नाही ते ती बघत नाही. अशा वेळी डाएट पेयाचा शून्य उपयोग, कारण त्यात साखरच नाही. थंड वाटतं म्हणून बरं वाटतं, शुगर मात्र खालीच जात राहते.

आता वोग्लिबोजची अडचण नीट समजून घ्या. आपली साखर म्हणजे सुक्रोज. आतड्यात ती फुटून ग्लुकोज मोकळं झालं तरच रक्तात जातं. ते फोडणारं एन्झाइम अडवणं हेच वोग्लिबोजचं काम. म्हणून ती चालू असताना साखर, गूळ, रसवंतीतला उसाचा रस, साधं कोल्ड्रिंक, सगळ्यांचा परिणाम उशिरा होतो. मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडरच हवी, ती फोडावी लागत नाही.

त्रास सुरू झाला की सावलीत बसवा, मीटर हाताशी असेल तर शुगर बघा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर नसेल आणि लक्षणं स्पष्ट असतील, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे साधारण तीन-चार सपाट चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून प्यायला द्या. १५ मिनिटांनी परत तपासा. अजून ७० खाली असेल तर तेवढंच परत. वर आली की अर्धी-एक भाकरी आणि वरण किंवा दही खाऊ घाला. ग्लिमेपिराइडचा अंमल लांब चालतो, त्यामुळे शुगर एकदा वर येऊन पुन्हा घसरू शकते. त्या दिवशी एकटं शेतात सोडू नका आणि रात्री झोपताना एकदा तपासा. बोलणं अडखळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

ग्लुकोजची पुडी खिशात, एक गाडीच्या डिकीत, एक शेतातल्या आखाड्यावर. आणि हे झटके तारीख-वेळेसह लिहून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. डोस तेच बदलतील, तुम्ही मनाने गोळी बंद करू नका.

दुधना

शुगरचा प्रश्न. साध्या कोलामध्ये १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. ३०० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे ६० ग्रॅमच्या वर, पंधरा-सोळा चमचे. तेवढी साखर आता पोटात जात नाही, हा खरा फायदा आहे आणि तो कमी लेखू नका. डाएट पेय स्वतः रक्तातली शुगर लगेच वाढवत नाही, मेडिकलवाल्यांचं तेवढं बरोबर.

"बिनघोर" मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी असे गोडवे (साखरेऐवजी घालतात ते गोड पदार्थ) वापरू नका असा सल्ला दिला. मधुमेह आधीच असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, हे त्यातच लिहिलंय आणि बातम्यांत नेमकं तेच गळालं. उलट बाजूने, २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवर झालेल्या इस्रायलमधल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रालोज हे गोडवे घेणाऱ्यांचा ग्लुकोज प्रतिसाद बिघडलेला दिसला, आतड्यातल्या जिवाणूंमुळे, आणि माणसागणिक वेगवेगळा. चेन्नईच्या २०२४ च्या चाचणीत मधुमेही लोकांच्या चहा-कॉफीतली साखर काढून १२ आठवडे सुक्रालोज दिलं, तर एचबीए१सीत लक्षणीय फरक पडला नाही, वजन आणि कंबर किंचित उतरली. म्हणजे साखरेच्या जागी घेतलं तर चालून जातं, औषध म्हणून त्याच्याकडे बघायचं नाही.

तुमच्या वडिलांचं काय होतं ते घरीच कळेल. एक दिवस कॅनच्या आधी, मग ३०, ६० आणि १२० मिनिटांनी मोजा, मध्ये काहीही खायचं नाही. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. आंबा किंवा केळं सोलून तसंच टोचलं की बोटावरच्या गोडव्याने आकडा खोटाच वर येतो. आणि हा प्रयोग दुपारी उपाशी असताना अजिबात नको, जेवणानंतर तीन तासांनी घरी बसून करा.

सहा कप चहाचं दूधही मोजा. १०० मिली दुधात जवळपास ५ ग्रॅम दुधाची साखर. कपात ६० मिली दूध धरलं तर दिवसाला ३६० मिली, म्हणजे १७-१८ ग्रॅम. गोळी कुठलीही टाका, हे राहतंच.

काळी_माती

काकांच्या भीतीबद्दल. जुलै २०२३ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्पार्टेमला, म्हणजे डाएट पेयांतल्या नेहमीच्या गोडव्याला, २बी गटात टाकलं, "कॅन्सरकारक असू शकेल". पुरावा किती भक्कम आहे ते हा गट सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. त्याच महिन्यात अन्नातील मिश्रकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली: वजनाच्या प्रत्येक किलोला ४० मिलिग्रॅम.

हिशोब करा. ६२ गुणिले ४० म्हणजे २,४८० मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरतात, जास्तीचा ३०० धरा. तीन कॅन ९००. गोळीत साधारण १८-२०, बारा गोळ्या म्हणजे २४०. बेरीज ११४०, मर्यादेच्या निम्म्याच्या आत. फ्रान्समध्ये एक लाखाहून जास्त लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, त्यात जास्त गोडवे घेणाऱ्यांत कॅन्सर आणि हृदयविकार थोडे जास्त आढळले. पण ज्यांचं वजन किंवा शुगर आधीच वाढलेली असते तेच डाएटकडे वळतात, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा पाहणीतून सुटं करता येत नाही. घाबरून झोप उडवायचं कारण नाही. रोजचे तीन मात्र कमी करा.

गोदाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. ग्लुकोजच्या चार पुड्या आजच आणल्या. वोग्लिबोजचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आम्ही साखरच खाऊ घालत होतो. कॅनच्या मागे भिंग धरून वाचलं: आम्लता नियंत्रक ३३८, गोडवे ९५१ आणि ९५०, कॅफिन, मुलांसाठी शिफारस नाही, फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही. गोळीच्या डबीवर ॲस्पार्टेम आणि लॅक्टोज. याचा अर्थ सांगाल का?

काळी_माती

९५१ ॲस्पार्टेम, ९५० ॲसेसल्फेम पोटॅशियम. दुसरीकडे ९५४ दिसलं तर सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. स्टीव्हियाच्या पुडीत बऱ्याचदा मुख्य वजन ९६८ चं, म्हणजे एरिथ्रिटॉलचं असतं. २०२३ च्या एका अभ्यासात रक्तातलं एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांत हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात जास्त आढळले, म्हणून बीपी असलेल्या माणसाला "नैसर्गिक आहे" म्हणून चमचा-चमचा देऊ नका. लॅक्टोज गोळी बांधण्यापुरतं, नगण्य.

ॲस्पार्टेमची गोळी चहा उकळताना पातेल्यात टाकू नका. उष्णतेने ते तुटतं, गोडी जाते, मग माणूस तिसरी गोळी टाकतो. कप भरल्यावर टाका, बारा गोळ्यांच्या आठ होतील.

दात_आणि_दाढा

३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. साखर नसली तरी पेयाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३ च्या आसपास, आणि दाताचं वरचं कवच साधारण साडेपाचच्या खालीच विरघळायला लागतं. मधुमेहात तोंड कोरडं पडतं, लाळ कमी, त्यामुळे जास्त झीज. दुपारभर घोट-घोट पिणं सगळ्यात वाईट. प्यायचंच तर जेवणाबरोबर एका बैठकीत, नंतर साध्या पाण्याने चूळ, आणि अर्धा तास ब्रश नाही, मऊ झालेलं कवच घासून निघतं.

औषधांचा_डबा

किडनी: क्रिएटिनिन १.१ वरून एकट्याने काही ठरत नाही. त्यावरून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) काढून घ्या आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर वर्षातून एकदा तपासा, मधुमेहात किडनीची पहिली खूण तिथेच दिसते. अमेरिकेत नर्सेसच्या दीर्घ पाहणीत रोज दोन किंवा जास्त डाएट सोडा पिणाऱ्या बायकांत किडनीची क्षमता जास्त घसरल्याचं दिसलं, एका ग्लासापर्यंत नाही. किडनीचा आजार ठरलेला असेल तर ३३८ वाले काळे कोला बंदच, त्यातलं फॉस्फरस शरीर पटकन शोषतं.

पुतण्याला एक घोटही नको. डब्यावर छापलंय म्हणून तर आहेच, शिवाय कॅफिन, आणि पाण्याला गोडच चव हवी ही सवय. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात दुर्मीळ आजार आहे, तो घरात कुणाला नसेल तर त्या ओळीची काळजी नको.

गोदाकाठ

वडील तयार आहेत पण एकदम सोडणार नाहीत. उन्हात काय द्यावं? आणि सोडताना डोकं दुखतं म्हणतात.

दुधना

डोकं कॅफिनमुळे दुखतं, चहा तेवढाच ठेवून कॅन हळूहळू उतरवा. पहिल्या आठवड्यात दोनच कॅन, तिसरा कॅन बंद. दुसऱ्या आठवड्यात एक कॅन पूर्ण आणि दुसऱ्या कॅनमध्ये अर्धं थंड पाणी. तिसऱ्या आठवड्यात एकच कॅन, तोही दुपारच्या जेवणाबरोबर. चौथ्यापासून एकाआड एक दिवस. घरात खोका आणून ठेवू नका, फ्रीजमध्ये दिसला की उघडला जातो.

शेतात मडक्याचं पाणी, तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला एक पेला. लोणी काढलेलं पातळ ताक, जिरेपूड आणि कोथिंबीर घालून, दुपारी एक तांब्या. मीठ चिमूटभरच, बीपी आहे. फसफसणाऱ्या घोटाचीच सवय असेल तर साध्या सोड्यात अर्धं लिंबू, साखर-मीठ न घालता. लग्नाच्या पंगतीतलं "शुगर फ्री" सरबत आणि पेढे टाळा. पेढ्यात खवा तोच असतो, आणि माल्टिटॉल घातलेलं असेल तर कॅलरी आहेतच, वर पोट फुगून जुलाब.

आणि जेवणाची वेळ ठरवा, सोडण्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे. सकाळी गोळी घेतली तर दीडच्या आत भाकरी पोटात गेली पाहिजे. डबा सोबत द्या, घरी येऊन जेवायचं ठरवलं की मोटार बंद करेपर्यंत तीन वाजतात.

गोदाकाठ

आज दुपारी पावणेदोनला थरथर झाली, मीटरवर ६४ आलं. ग्लुकोज दिलं, १५ मिनिटांनी ८८. मग भाकरी आणि पिठलं. वहीत लिहिलंय, सोमवारी डॉक्टरांकडे नेतोय.

औषधांचा_डबा

बरोबर केलंत. आज रात्री झोपण्याआधी आणि पहाटे तीनला एकदा मोजा, आणि संध्याकाळची गोळी देण्याआधी आजच डॉक्टरांना फोन करून ६४ चा आकडा सांगा. सोमवारपर्यंत थांबू नका.