मदत हवी आहे: ८ वर्षं ॲलेंड्रोनेट, आता आईची मांडी दुखते

आई ७१ वर्षांची. हाडं ठिसूळ झाल्यामुळे ८ वर्षं दर आठवड्याला ७० मिलिग्रॅमची ॲलेंड्रोनेट घेते. दोन महिन्यांपासून उजवी मांडी आतून ठणकते. कुठे पडली-बिडली नाही. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्या काहींचं मांडीचं हाड किरकोळ धक्क्यानेही मोडतं आणि त्याआधी असंच दुखतं, हे वाचल्यापासून मला झोप नाही. प्रमाण फार कमी आहे, गोळीमुळे खुब्याची फ्रॅक्चर टळतात, हेही कळतं. उद्या दोन्ही मांड्यांचा एक्स-रे आहे.

कुणाच्या घरी असं झालंय का? एक्स-रेत काही दिसलं नाही तर पुढे एमआरआय केलात का? डॉक्टरांनी गोळी किती काळ थांबवली? ती अजून जिना चढते-उतरते, त्याचीच जास्त भीती वाटते.