मदत हवी आहे: फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये टाइट एंड किती लवकर घ्यावा?

शार्लटकर
आमच्या ऑफिसातल्या लीगचा (अमेरिकन फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा खेळ) ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडणे, येत्या रविवारी आहे आणि दुसऱ्या फेरीत ब्रॉक बॉवर्स या टाइट एंडला (चेंडू झेलणारा आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवणाराही खेळाडू) घ्यावे, की तिथे रिसिव्हर (मुख्यतः चेंडू झेलणारा खेळाडू) घेऊन टाइट एंडचे नंतर पाहावे, हे काही केल्या ठरत नाही. २०२४ च्या हंगामात बॉवर्सने नवखा असूनही ११२ झेल आणि १,१९४ यार्ड मिळवले, तरीही निम्मे जाणकार त्याला एवढ्या लवकर घेऊ नका म्हणतात. वेळ कमी आहे, म्हणून कृपया थेट सांगा: घ्यावा की नाही?

मृण्मयी_सिएटल
लीगमध्ये संघ किती आहेत, तुमची पाळी कितवी आहे आणि एका झेलाला किती गुण मिळतात, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. त्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर हा निव्वळ अंदाज ठरेल.

एडिसनचे_आबा
माझे मत अनेक वर्षे एकच आहे: पहिल्या पाच फेऱ्यांत टाइट एंड घेऊ नये. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत ट्रॅव्हिस केल्सी या टाइट एंडला घेणाऱ्यांच्या पदरात ९८४ यार्ड आणि ५ टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) पडले. त्याच वर्षी सॅम लापोर्टाने नवखा असताना ८८९ यार्ड आणि १० टचडाउन दिले आणि तो कितीतरी उशिरा मिळत होता.

सुहास_शिकागो
आबा, तुम्ही सोयीचे वर्ष निवडले आहे. २०२२ मध्ये केल्सीने ११० झेल, १,३३८ यार्ड आणि १२ टचडाउन केले, म्हणजे प्रत्येक झेलाला एक गुण धरल्यास सुमारे ३१६ गुण. दुसऱ्या क्रमांकावरचा टाइट एंड हॉकेन्सन त्याच्यापेक्षा सुमारे १०० गुणांनी मागे होता. रिसिव्हरमध्ये पहिल्या आणि दुसऱ्यात एवढे अंतर क्वचितच पडते, आणि टाइट एंड लवकर घेण्याचे खरे कारण तेच आहे.

शार्लटकर
१२ संघ आहेत, माझी पाळी नववी आहे आणि गुणांचे नियम नेहमीचेच आहेत. आता तरी सांगा.

बे_एरिया_वाचक
क्वार्टरबॅकची (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची) घाई करू नका, तो आठव्या फेरीतही चांगला मिळतो.

मृण्मयी_सिएटल
‘नेहमीचे नियम’ असे काही नसते, आणि या प्रश्नाची सगळी मेख तिथेच आहे. बॉवर्सचे आकडे वर आलेच आहेत, त्यात ५ टचडाउन जोडा. त्याच हंगामात जॉर्ज किटल या दुसऱ्या टाइट एंडचे ७८ झेल, १,१०६ यार्ड आणि ८ टचडाउन होते. झेलाला पूर्ण गुण असेल तर बॉवर्स २६१ आणि किटल २३७; अर्धा गुण असेल तर २०५ आणि १९८; झेलाला गुणच नसतील तर बॉवर्स १४९ आणि किटल १५९, म्हणजे क्रमच उलटतो. टाइट एंडच्या झेलाला दीड गुण देणाऱ्या लीगमध्ये मात्र हेच अंतर ४२ गुणांचे होते. हंगाम तोच, खेळाडू तेच, तरी चार लीगांमध्ये चार वेगळ्या किमती.

नाशिकचा_प्रसाद
मी फक्त क्रिकेटची फँटसी खेळतो. तिथे यष्टिरक्षक घ्यावाच लागतो आणि चांगले मोजकेच असतात, तसेच हे आहे का?

सुहास_शिकागो
टंचाईपुरते तसेच आहे, प्रसाद. पण तिथे एकच यष्टिरक्षक सगळ्यांना घेता येतो, तर इथे एक खेळाडू एकाच संघाकडे जातो, त्यामुळे उरलेल्यांत काय शिल्लक राहील याचा हिशोब आधी करावा लागतो. १२ संघांच्या लीगमध्ये बाराव्या क्रमांकाच्या टाइट एंडला आधाररेषा मानून तुमचा खेळाडू तिच्यापेक्षा किती गुण जास्त देईल हे काढावे, आणि त्याच फेरीतल्या रिसिव्हरचा तसाच फरक त्याच्याशी ताडून पाहावा.

शार्लटकर
लीगचे नियम उघडून पाहिले. झेलाला अर्धा गुण आहे आणि ड्राफ्ट स्नेक पद्धतीचा आहे, म्हणजे दर फेरीला निवडीचा क्रम उलटतो.

मृण्मयी_सिएटल
मग माझे उत्तर ‘घेऊ नका’ असे आहे. अर्ध्या गुणाच्या हिशोबाने बॉवर्स आणि किटल यांच्यात जेमतेम आठ गुणांचे अंतर उरते, आणि तेही किटल १५ सामने खेळला आणि बॉवर्स १७ खेळला म्हणून. सामन्यामागे पाहिले तर किटलचे १३.२ आणि बॉवर्सचे १२.१ गुण होतात. तुमच्या निवडी १६, ३३ आणि ४० व्या क्रमांकावर येतील. सोळाव्या क्रमांकावर रिसिव्हर घ्या आणि पुढच्या दोन निवडींपैकी एकीत किटल उरला असेल तर तो घ्या. किटलच्या संघातला रिसिव्हर डीबो सॅम्युअल २०२५ मध्ये वॉशिंग्टनला गेल्यामुळे किटलकडे चेंडू जास्त येण्याचीही शक्यता आहे.

एडिसनचे_आबा
चाळिसाव्या क्रमांकावरसुद्धा मी तो घेणार नाही. किटल ऑक्टोबर २०२५ मध्येच ३२ वर्षांचा झाला.

सुहास_शिकागो
वयाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि टचडाउन दरवर्षी तेवढेच होत नाहीत हेही यात धरायला हवे. मार्क अँड्र्यूज या टाइट एंडने २०२४ मध्ये केवळ ५५ झेलांत ११ टचडाउन केले, पण झेल इतके कमी असताना तो आकडा मी पुढच्या वर्षासाठी गृहीत धरणार नाही. याउलट बॉवर्सचे ११२ झेल म्हणजे चेंडू सातत्याने त्याच्याकडेच येत होता. शिवाय बॉवर्सच्या संघाकडे, रेडर्सकडे, २०२५ मध्ये जीनो स्मिथ हा आधीच्यांपेक्षा बरा क्वार्टरबॅक आला, म्हणून सोळाव्या क्रमांकावर बॉवर्स घेण्यात मला तरी वावगे दिसत नाही. शार्लटकर, तुमच्या लीगमध्ये फ्लेक्सच्या (रिसिव्हर, टाइट एंड अशा एकापेक्षा जास्त प्रकारच्या खेळाडूंपैकी कोणीही चालणाऱ्या) जागा किती आहेत? दोन असतील तर मृण्मयींचे ऐका, कारण तिथे रिसिव्हर लवकर संपतात.